विरार स्टेशन : वसतिगृह नसलेल्या शहराचे वसतिगृह

वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर माणसे मोजली गेली होती. शहरात महाविद्यालये आहेत, अभियांत्रिकी आहे, पॉलिटेक्निक आहे. पण पुण्यात किंवा कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वसतिगृहांची संस्कृती इथे रुजली नाही. घरापासून लोकल आहे म्हटल्यावर पोराला बाहेर ठेवण्याचा खर्च कोण करणार? मुंबईतल्या वसतिगृहाचा विषय निघाला तरी ‘रोज येऊन-जाऊन होतं की’ या एका वाक्यावर तो संपतो.

त्यामुळे इथला विद्यार्थी झोपतो घरी, शिकतो पार्ल्याला, माटुंग्याला नाहीतर चर्चगेटला आणि ज्याला हॉस्टेल लाइफ म्हणतात ते सगळे या दोहोंच्या मधल्या ६० किलोमीटरमध्ये जगतो. जागेवरून भांडण, सीनियरची दादागिरी, आयुष्यभर चिकटणारी टोपणनावे, उसनी जर्नल्स, शेजारच्या गटाशी चालत आलेले वैर, यातले काहीही कमी पडत नाही. म्हणून या शहराचे विद्यार्थीजीवन पाहायचे असेल तर कॉलेजच्या आवारात जाऊ नये. सकाळी विरार स्टेशनवर उभे राहावे.

एकच गाडी, तीही परत येणारी

या स्टेशनाचा इतिहास त्याच्या गर्दीहून जुना. १२ एप्रिल १८६७ रोजी बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेने विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सोडली. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची, संध्याकाळी साडेपाचला परत फिरायची. दिवसात जाणारी एक आणि येणारी एक. उशिरा पोचणाऱ्याला पुढची गाडी दुसऱ्या दिवशी! वाटेतल्या थांब्यांची तेव्हाची नावे आज वाचली तर ओळखू येत नाहीत. नीला म्हणजे आजचे नालासोपारा, बसीन म्हणजे वसई, बेरेवला म्हणजे बोरिवली, पहाडी म्हणजे गोरेगाव आणि अंदारू म्हणजे अंधेरी. वसईच्या खाडीतल्या पाणजू बेटावर पांजे नावाचे एक स्टेशनही होते. ते पुढे काळाच्या ओघात गेले.

विजेवरची गाडी विरारला १९३६ मध्ये पोचली. २००९ मध्ये विरारच्या मार्गावर पंधरा डब्यांची लोकल सुरू झाली. त्याच वर्षी वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महापालिका झाली. डबे वाढले तशी माणसेही वाढली आणि गर्दी होती तिथेच राहिली. विरारला गाड्यांचे कारशेड असल्यामुळे सकाळच्या काही गाड्या तिथून रिकाम्या बाहेर येतात. ‘रिकामी’ हा शब्द इथे काही सेकंदांपुरताच खरा. गाडी फलाटाला लागून थांबण्याआधीच ती भरलेली असते.

सीनियर कोण?

कुठल्याही वसतिगृहात पहिला वाद ज्येष्ठतेचा. या शहरात तो थेट सम्राट अशोकापर्यंत जातो.

नालासोपाऱ्याचे म्हणणे असे की आम्ही सर्वांत जुने. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या बुरुड राजाच्या कोटाचे उत्खनन केले, तेव्हा त्यातून बौद्ध स्तूप आणि अवशेषांचे करंडक निघाले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी सापडला, नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासूनची हजेरी!

वसईवाला हे ऐकून घेतो आणि किल्ला पुढे करतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढची दोनशे वर्षे हे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ते जिंकले आणि १८०२ चा वसईचा तह तर प्रत्येकाने शाळेत पाठ केलेला आहे. सोपाऱ्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात असेल, वसईचे परीक्षेत येते, हा वसईवाल्याचा शेवटचा आणि बिनतोड मुद्दा.

विरारकर या वादात फारसा पडत नाही. त्याच्याकडे जीवदानी देवीचा डोंगर आहे आणि मुख्य म्हणजे गाडीच्या पाटीवर त्याच्या गावाचे नाव आहे. महापालिकेच्या नावातही वसई आणि विरार दोघे आले, नालासोपारा राहून गेला. त्याहून मोठा अपमान रोज सकाळी होतो. नालासोपाऱ्याला गाडी येते तेव्हा आत पाय ठेवायला जागा नसते. मग बावीसशे वर्षांची ज्येष्ठता खांद्यावरच्या सॅकमध्ये घालून सोपाऱ्याचा मुलगा आधी उलटा विरारला जातो, तीच गाडी धरून बसून परत येतो आणि आपल्याच स्टेशनवर खिडकीतून बाहेरच्या गर्दीकडे पाहतो. याला ‘रिटर्न मारणे’ म्हणतात. वसईची मुलेही मारतात, पण कबूल करत नाहीत. पास मात्र विरारपासूनचा काढावा लागतो. तो वाचवायला गेलेल्याची टीसीशी ओळख लवकर होते.

जागेचे कायदे

लोकलच्या बाकावर रेल्वेच्या हिशेबाने तिघांनी बसायचे. प्रवाशांच्या हिशेबाने चौघांनी. ही चौथी सीट म्हणजे धड बसणेही नव्हे आणि उभे राहणेही नव्हे. एक मांडी बाकावर, दुसरी वाटेत. पण ती मिळण्यासाठीही आधी ‘जरा सरका’ म्हणायला शिकावे लागते. फर्स्ट इयरचा मुलगा हे दोन शब्द जून ते दिवाळी मनात घोळवतो. सेकंड इयरचा मुलगा काहीच बोलत नाही, नुसता बसतो. बाकीचे आपोआप सरकतात.

उभ्याने आलेल्यांसाठी दुसरा कायदा आहे. बसलेल्याला विचारायचे, ‘कुठे?’ तो ‘अंधेरी’ म्हणाला की अंधेरीपासून ती जागा विचारणाऱ्याची. ना कागद ना सही, पण हा करार मोडलेला सहसा कुणी पाहिलेला नसतो. आधी दुसऱ्याने विचारून ठेवले असेल तर बसलेला नुसती मान त्याच्याकडे वळवतो आणि प्रकरण मिटते. रोज एकाच डब्यातून जाणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये तर आणखी उदारमतवाद असतो. अर्ध्या वाटेत बसलेल्याने उठायचे आणि उभ्याला बसवायचे. जो झोपेचे सोंग घेऊन हा नियम टाळतो त्याला एक टोपणनाव मिळते आणि ते त्याच्या लग्नापर्यंत टिकते.

इंजिनीअरिंगच्या आणि आर्किटेक्चरच्या मुलांची कथा वेगळी. ड्रॉइंग शीटची लांब नळी किंवा थर्माकोलचे मॉडेल घेऊन विरार फास्टमध्ये शिरणे ही त्यांची खरी प्रॅक्टिकल परीक्षा. मॉडेल डोक्यावर धरून तासभर उभ्या राहिलेल्या मुलाला अख्खा डबा सल्ले देतो. खिडकी इकडे हवी होती, जिना फार उभा आहे, बाथरूम कुठे आहे? दादर येईपर्यंत त्या इमारतीचा एक कोपरा गेलेला असतो आणि टीका मात्र परीक्षकाहून कडक झालेली असते.

मुंबईकडे जाणाऱ्यांच्या नेमकी उलटी तऱ्हा दुसऱ्या दिशेने येणाऱ्यांची. भाऊसाहेब वर्तक यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या विद्यावर्धिनी संस्थेचे अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय वसई रोडला आहे. तिथेच १९९४ पासून संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. मालाड-कांदिवलीहून तिथे येणारी मुले सकाळी डाऊन गाडीने येतात. त्यांना खिडकी मिळते, पाय पसरता येतात, नायगावच्या अलीकडची खाडी आणि मिठागरे निवांत पाहता येतात. नायगावच्या आसपास दोन गाड्या शेजारून जातात तेव्हा विरारहून निघालेली दारातली मंडळी त्या खिडकीतल्या मुलांकडे ज्या नजरेने पाहतात, त्यात मत्सर आणि तिरस्कार निम्मा निम्मा असतो.

बोरिवलीशी सात पिढ्यांचे वैर

वसतिगृहाला शेजारचे वसतिगृह शत्रू म्हणून लागतेच. विरारसाठी ते काम बोरिवली करते.

तक्रार अशी की बोरिवलीसाठी वेगळ्या गाड्या सुटतात, तरी बोरिवलीवाले विरार फास्टमध्ये चढतात आणि दहा मिनिटे वाचवण्यासाठी लांब जाणाऱ्यांची जागा अडवतात. संध्याकाळी दादरला किंवा अंधेरीला कुणी चढला की चौकशी सुरू होते. ‘कुठे उतरणार?’ ‘बोरिवली.’ मग डब्यात एक अर्थपूर्ण शांतता. ‘बोरिवलीची लोकल मागेच होती.’ ‘फास्ट होती म्हणून…’ ‘असू दे. आज विरार बघून या. जीवदानीचं दर्शन होईल.’ पुढचा विनोद बोरिवली स्टेशनावर घडतो. दारातली मंडळी हलत नाहीत आणि पाहुणा खरोखरच दहिसरला किंवा मिरा रोडला उतरतो.

विरारचा हा रुबाब १६ एप्रिल २०१३ रोजी थोडा उतरला. त्या दिवशी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव अशी स्टेशने पुढे आली आणि शतकाहून जास्त काळ शेवटचे असलेले विरार एकदम मधले झाले. डहाणूच्या गाड्या मोजक्या. त्या चुकल्या की पुढची ताटकळ मोठी. त्यामुळे डहाणू लोकलमध्ये विरारवाला चढलेला दिसला की सफाळे-पालघरची मुले त्याला तेच विचारतात: ‘विरारसाठी दर पाच-दहा मिनिटांनी गाडी आहे ना?’ बोरिवलीकरांना हा प्रसंग कुणी सांगितला तर ते एक दिवस विरार फास्टमध्ये हसत उभे राहतील.

लेडीज डबा : वेगळा कारभार

पुरुषांच्या डब्यात भांडण दारात होते, बायकांच्या डब्यात ते आतपर्यंत जाते आणि तितक्याच वेगाने मिटतेही. इथे मेथी निवडली जाते, क्लिपा आणि कानातली विकली जातात, जानेवारीत हळदीकुंकू होते आणि नवरात्रात त्या त्या दिवसाचा रंग न घालता आलेल्या मुलीला तीस जणी विचारतात, ‘आज काय ग, विसरलीस?’ पश्चिम रेल्वेवर पहिली महिला विशेष लोकल ५ मे १९९२ रोजी सुरू झाली. पुढे ती विरारपर्यंत आली. अख्खी गाडी बायकांची झाल्यावर भांडणेही अख्ख्या गाडीभर वाटली गेली, असे जुन्या प्रवासी सांगतात.

कॉलेजच्या मुलींना इथे एक मोठा फायदा मिळतो, तो म्हणजे मावश्या. नोकरी करणाऱ्या बायका वीस-पंचवीस वर्षे त्याच डब्यात असतात. कुणाची तोंडी परीक्षा आहे, कुणाला बरे नाही, कुणी पार्ल्याला उतरायचे सोडून पुढे कुठे गेली, सगळे त्यांना ठाऊक असते. वसतिगृहातल्या रेक्टरबाईंना जे रजिस्टर ठेवावे लागते, ते इथे तोंडपाठ असते. कामाला निघालेल्या सामवेदी ख्रिस्ती बायका आपसात कादोडी बोलत असतात. शेजारी बसलेल्या परप्रांती मुलीला पहिल्या वर्षी त्यातले अक्षर कळत नाही, तिसऱ्या वर्षी आपल्याबद्दल बोलणे चालले आहे एवढे नक्की कळते.

मेस, सण आणि पार्टी

खाण्याची सोय फलाटावरचा वडापाव करतो. महिनाअखेरीस दोघांत एक. पण निकाल चांगला लागला की पार्टी विरार पश्चिमेला, आगाशीच्या भुजिंगची. निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे तुकडे पोह्यांत कालवून केलेला हा पदार्थ आगाशीचा खास. तो पहिल्यांदा खाणारा दादरचा मित्र ‘चिकनपोहे’ म्हणाला की त्याला दुसरी प्लेट मिळत नाही. सुकेळीचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, डबा आला तर तो नालासोपाऱ्याच्या आधी संपतो. नाताळानंतर वसईच्या मुलांच्या सॅकमध्ये केक असतो आणि त्या आठवड्यात वसईशी कुणाचेच वैर नसते.

सणांत सण दसऱ्याचा. त्याच्या आदल्या दिवशी ग्रुप आपापला डबा सजवतात. झेंडूच्या माळा, पताका, आरती, पेढे. एरवी पत्ते कुटणारे, टाळ-मृदंग घेऊन भजन करणारे आणि कानात हेडफोन घालून बसणारे असे तिन्ही पक्ष त्या दिवशी एकत्र येतात. इतर दिवशी भजनी मंडळ आणि विद्यार्थी यांचा सामना ठरलेला. ‘काका, पेपर आहे, जरा हळू’ म्हटल्यावर काका विचारतात, ‘कसला?’ अकाउंट्स म्हटले की एखादे काका टाळ बाजूला ठेवून ताळेबंद समजावायला घेतात. ते भजनापेक्षा मोठ्याने असते.

किल्ल्यातले जुने विद्यालय

शिक्षणासाठी घर सोडण्याची वसईची सर्वांत मोठी गोष्ट मात्र लोकलच्या तीनशे वर्षे आधीची आहे. वसईच्या किल्ल्यात सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांचे विद्यालय होते. त्यांच्या चर्चचा दर्शनी भाग आजही उभा आहे. त्याच किल्ल्यात फ्रान्सिस्कनांचे वेगळे चर्च, डोमिनिकनांचे वेगळे. देव एक असला तरी संघ वेगळे आणि त्यांच्यातली चुरस सर्वश्रुत होती.

वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया या जेझुइटांकडे शिकला आणि १५७२ च्या सुमारास, जेमतेम पंधरा वर्षांचा असताना, त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा तो अस्खलित शिकला, वर्षानुवर्षे काम केले. पण जेझुइट संघात प्रवेश मिळण्याची त्याची इच्छा पुरी झाली नाही. मग त्याने व्यापार केला आणि अखेर मनिलात प्रतिस्पर्धी फ्रान्सिस्कन संघाची वस्त्रे घेतली. जपानला तो परतला तो फ्रान्सिस्कनांचा दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याच्यासह २६ जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. मरणाऱ्यांत दोन्ही संघांचे लोक होते. १८६२ मध्ये चर्चने त्या सर्वांना संत घोषित केले. वसईतले एक महाविद्यालय आज संत गोन्सालो गार्सियाच्या नावाने चालते. तिथली मुले विरार लोकलमध्ये दाराशी कुणी उभे राहायचे यावरून भांडतात, तेव्हा आपल्या संताच्या वाट्यालाही दोन संघांतली चुरस आली होती हे त्यांच्या ध्यानात असेलच असे नाही.

विनोद संपतो तिथे

या सगळ्यावर हसता येते, कारण बहुतेक वेळा कुणाला इजा होत नाही. पण दहिसरला उतरावे लागलेला प्रवासी म्हातारा असेल, आजारी असेल किंवा परीक्षेला निघालेली अनोळखी मुलगी असेल तर ती थट्टा उरत नाही. दार अडवणे, बाकावर रुमाल टाकून न आलेल्या मित्रासाठी जागा धरणे, ग्रुपबाहेरच्याला हुसकावणे यांना रॅगिंग हेच नाव योग्य आहे. कॉलेजात त्याविरुद्ध समित्या असतात. डब्यात १९८९ चा रेल्वे कायदा असतो. अनारक्षित डब्यात दुसऱ्याला शिरू न देणे हा त्याच्या १५५ व्या कलमानुसार गुन्हा आहे. कायदा क्वचितच चढतो, कारण त्यालाही दारातून आत येऊ दिले जात नाही.

याच ग्रुपची दुसरी बाजू ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी दिसली. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात बॉम्बस्फोट झाले, तेही घरी परतणाऱ्या गाड्यांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत. फोन लागत नव्हते. कोण कोणत्या गाडीला, कोणत्या डब्यात, कुठे उभा असतो हे घरच्यांना ठाऊक नसते. ग्रुपला असते. रोज त्याच जागेसाठी भांडण्याचा हा एक उपयोग आहे, आणि तो कमी नाही.

वसई-विरारमध्ये मुलामुलींसाठी चांगली, स्वस्त वसतिगृहे व्हायला हवीत. जव्हार, मोखाडा, वाड्याहून शिकायला येणाऱ्यांना लोकल उपयोगी पडत नाही आणि रोजचे तीन तास गाडीत घालवणे हेही काही शिक्षण नव्हे. ती होईपर्यंत ग्रुपवाल्यांनी निदान जूनमध्ये कॉलेजचे नवे ओळखपत्र गळ्यात घालून आलेल्या पोराला दारातून आत घ्यावे. वर्षभरात तोही तुमच्यातलाच होणार आहे.

पाहायला यायचे असेल तर रविवारी दुपारी यावे. विरार पूर्वेला जीवदानी, पश्चिमेला आगाशी आणि अर्नाळा, वसई रोडला उतरून किल्ला, नालासोपारा पश्चिमेला स्तूप, एवढे एका दिवसात होते. आठवड्याच्या दिवशी आलात तर सकाळी चर्चगेटहून विरारकडे येणारी गाडी धरा, बसायला मिळेल. परतीची विरारवरूनच पकडा. आणि उतरायचे बोरिवलीला असेल, तर कृपा करून बोरिवली लोकलनेच जा.